तू अर्ध्यावर सोडलेली कादंबरी

मामी,

तू सुटलीस असं सगळे म्हणतात. आई म्हणते, मामा म्हणतो, दूधवाला दारात उभा राहून तेच म्हणाला. मला तो शब्द उच्चारायची आधी भीती वाटायची. आपलं माणूस गेलं आणि आपल्याला बरं वाटतंय, हे कुणाला सांगायचं? पण वाटतंय, खरंच. डायलिसिसला न्यायची गाडी आता पहाटे दारात हॉर्न वाजवत नाही. तुझ्या हाताची शीर कुणी शोधत नाही. आणि तुझ्या दहाव्याला खाडीवर जे झालं, त्यामुळे तर माझ्या छातीवरचं ओझंच उतरलं. ते सगळं एका कादंबरीवरून झालं. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस, म्हणून ते तुलाच सांगायचंय. पण लिहायला बसल्यावर लक्षात आलं, की मधूनच सुरुवात केली तर मला ते नीट जमणार नाही. थोडं मागे जाते.

तू कधी दुकानात जाऊन पुस्तक निवडलं नाहीस. पुस्तकं तुझ्याकडे पर्यटकांबरोबर यायची. तोंडवलीच्या घराला समुद्राच्या बाजूने तुम्ही तीन खोल्या काढल्यात, आणि पुण्या-मुंबईची, कोल्हापूरची माणसं येऊन राहायला लागली. जाताना ती काय काय विसरून जायची. टॉवेल, चार्जर, मुलांच्या बादल्या-फावडी आणि पुस्तकं. चार्जर तू डब्यात टाकायचीस, पुस्तक खिडकीच्या फळीवर लावायचीस. पावसाळ्यात खोल्या बंद होईपर्यंत पुस्तक त्या माणसाचं, नंतर तुझं, असा तुझा नियम. वाचायला मात्र तू त्याच दुपारी घ्यायचीस.

एकदा एका बाईंचा फोन आला. उशीखाली माझं पुस्तक राहिलंय, कुरिअर कराल का? तू एकदम शुद्ध बोलायला लागलीस. "करते हो, पण परवा करते. माझा शेवट राहिलाय." बाई पलीकडून हसल्या आणि म्हणाल्या, खुनी कोण ते सांगू का? तू फोनच ठेवलास. नंतर मला म्हणालीस, "काय बायल गो! दुसऱ्याच्या ताटात हात घालता!"

आमच्या घरी मात्र शाळेची पुस्तकं सोडली तर छापलेलं असं भिंतीवरचं कॅलेंडर तेवढं. बाबा होडीवर, आई मालवणच्या बाजारात मासळी घेऊन. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. कला शाखा घेतली, मराठी विषय घेतला, तेव्हा बाबांनी विचारलं, "मराठी आमका येता मां? ता शिकूक कॉलेज कित्याक?" तू मात्र दुसऱ्या दिवशी फळीवरचं एक पुस्तक माझ्या पिशवीत घातलंस आणि म्हणालीस, "वाच आणि सांग."

मी वाचलं आणि आठवड्याने येऊन सांगितलं, "छान आहे."

"छान म्हणजे काय?"

"म्हणजे... आवडलं."

"कोलंबीचा सार छान असता. पाहुण्यांची पोरां छान असतत. पुस्तकात काय झालां, कोण बरो, कोण वायट, तुका खंय झोप इली, तां सांग."

झोप कुठे आली हे पुस्तकाबद्दल सांगायचं असतं, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. मी चाचरत सांगितलं, की मधे जहाजाचं वर्णन होतं तिथे. तू टाळी दिलीस. "माका पण थयसरच!"

आपली मैत्री तिथून झाली असं मला वाटतं. त्याआधी तू फक्त मामाची बायको होतीस.

मग तुझी ती गाऱ्हाणी. देवळात एक मानकरी देवापुढे सगळ्या गावाच्या वतीने मागणं मागतो आणि बाकीचे त्याच्या प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. ते काम पुरुषांचं. तू ते स्वयंपाकघरात आणलंस. पुस्तक संपलं की ओट्यावर ठेवायचीस, पदर खोचायचीस आणि त्या लेखकासाठी गाऱ्हाणं घालायचीस. 'व्हय म्हाराजा' म्हणायला मी. थंड हवेच्या ठिकाणच्या बंगल्यातली ती रहस्यकथा संपली त्या दिवशीचं तर मला अजून पाठ आहे.

"बा देवा म्हाराजा! ह्या लेखकान जो काय खून केल्यान हा, तो मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पण जो डॉक्टर पंगतीक जेवूक नव्हतो, कोणाच्या वांगडा चाय पिवूक नव्हतो, तेका शेवटच्या पानार आणून खुनी ठरवल्यान, ही जी काय चूक झाली आसा, ती पोटात घाल, आणि फुडच्या पुस्तकाक तेका बरी बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मामा बाहेरून ओरडला, "देवाची मस्करी करतस? एक दिवस अंगाशी येतली!"

"मस्करी खंय? देवाक नको कळूक, काय काय लिवतत ते?"

त्याच पुस्तकातली जेवणाची पंगत मात्र तुला फार आवडली होती. सगळे पाहुणे पहिल्यांदा एकत्र जेवायला बसतात, कोण काय वाढून घेतो, कोण कुणाकडे बघत नाही, कोण मीठ मागतो आणि वापरत नाही. "शेवट मेलो भिकार," तू म्हणायचीस, "पण पंगत बरी लिवल्यान हा." खुनी पंगतीत बसलेलाच असला पाहिजे, हे तुझं मत मी कॉलेजात एकदा माझं म्हणून सांगितलं. सरांनी मान डोलावली. तुला येऊन सांगितलं, तर तू म्हणालीस, "बरां केलंस. माजां मत कॉलेजात जावन इलां."

पुढे साखरेने तुझे डोळे गेले. म्हणजे पूर्ण गेले नाहीत, पण अक्षरं मुंग्यांसारखी चालायला लागली असं तू म्हणायचीस. तेव्हापासून दुपारी कॉलेजातून आले की मी वाचायचे आणि तू ऐकायचीस. मूत्रपिंडं थकली तेव्हा तू आडवी पडून ऐकायला लागलीस. वाचणं माझं, मतं तुझी.

गेल्या वर्षभरात आपण काय काय वाचलं! ती मुंबई बुडाल्याची कादंबरी आठवते? पुढच्या काळातली. समुद्र वर चढलाय, उंच इमारतींचे खालचे मजले पाण्यात, माणसं वरच्या गॅलऱ्यांतून होड्यांत उतरतात. मला ती थरारक वाटली. तू मात्र गाऱ्हाणंही घातलं नाहीस. एवढंच म्हणालीस, "मुंबय बुडली म्हणान एवढी पानां. तोंडवलेचां काय झालां तां खंय लिवल्यान?" खिडकीतून लाटांचा आवाज येत होता. तेव्हापासून मी कुठलीही कादंबरी वाचताना बघते, की हिच्यात कुणाचं गाव सांगायचं राहून गेलंय.

ऐतिहासिक कादंबरीवर तू चिडायचीस. "ही माणसां जेवताना पण भाषण करतत. बायलेकडे पाणी मागूचां तरी तलवारीर हात!" पण त्यातली एक राणी रात्रभर जागून हिशेबनीसाशी भांडते, तो प्रसंग तू मला दोनदा वाचायला लावलास. भयकथा तुला भ्यायला आवडायची नाही, भुताची बाजू घ्यायला आवडायची. त्या ओसाड बंगल्यातल्या बाईच्या भुताने रोज स्वयंपाकघरातली भांडी वाजवली, तर सगळे घाबरून पळतात. तू म्हणालीस, "एक तरी मेलो विचारता काय, जेवलंस काय म्हणान? तेवढ्यासाठीच वाजयता ती."

आणि प्रेमकथेवरून आपण दोन दिवस भांडलो. नायिका रुसक्या नवऱ्याला सोडून परदेशी जायला निघते आणि शेवटच्या प्रकरणात विमानतळावरून परत येते. मला रडू आलं होतं. तू म्हणालीस, "परत येवक नको होती."

"पण मामी, त्याचं प्रेम आहे तिच्यावर."

"आसा ना. म्हणान काय तेचो रुसवो ही जन्मभर काढीत रवतली? असलो घोव परवडूचो नाय."

"मग तुझ्या मते कादंबरी कुठे संपते?"

"ती टॅक्सीत बसता थंय. फुडचां वाचूचां सगळां. मानूचां मात्र आपणाक पटता तेवढांच."

पुस्तक शेवटपर्यंत वाचायचंच, हा तुझा दुसरा नियम. कंटाळा आला तरी, चीड आली तरी. कुणीतरी बसून लिहिलंय, आपण निदान शेवटपर्यंत सोबत तरी करावी, असं तू म्हणायचीस. सगळ्या नातेवाइकांत तुझी ख्यातीच होती तशी. वालावलची आका, तुझी मोठी बहीण, कौतुकाने सांगायची की शालूने लहानपणी चण्याच्या पुडीचा कागदही अर्धा वाचून टाकला नाही.

म्हणूनच त्या जाड्या कादंबरीने सगळा घोटाळा केला.

ती पुण्याचं एक जोडपं विसरून गेलं होतं. पुरस्कार मिळालेली. आमच्या सरांनी वर्गात तिच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणला होता, देवळात बोलतात तसा. मी धावतच तुला सांगितलं, की मामी, ती आपल्या फळीवर आहे! आपण सुरुवात केली. एका शहरातला माणूस आपल्या फ्लॅटच्या खिडकीत उभा राहून सगळं आयुष्य आठवतो. एका आठवणीतून दुसरी, दुसरीतून पहिलीच्याही मागची. काहीच घडत नाही, किंवा घडून गेलेलंच घडतं. मला ती इतकी आवडली की मी घरी जाऊन झोपताना तिचाच विचार करायचे. का आवडली, ते मला तुला नीट सांगता आलं नाही. आता प्रयत्न करते. आपल्याला नक्की काय वाटतं हे ज्याला स्वतःलाच माहीत नाही, असा माणूस मला पहिल्यांदाच पुस्तकात भेटला. बाकी पुस्तकांतली माणसं फार ठाम असतात. मी तशी नाही. वर्गात हात वर करायच्या आधीच माझा हात खाली आलेला असतो.

तुला मात्र तो माणूस अजिबात चालला नाही. "ह्येका काय एक काम नाय काय गो? आवस आजारी, बायको रडता, आणि ह्यो खिडकेत!"

"तो विचार करतोय मामी."

"विचार आमी पण करतंव. कांदो चिरताना करतंव."

तरी तू नियमाप्रमाणे ऐकत होतीस. मला दिसत होतं की तुला जड जातंय. डायलिसिसहून आलीस की तुझा चेहरा राखेसारखा व्हायचा, आणि मी तुझ्या बाजूला बसून त्या खिडकीतल्या माणसाची आणखी एक आठवण वाचायचे. तुझ्याकडे आता फार दुपारी उरल्या नाहीत, हे आपल्या दोघींना माहीत होतं. तुझं शेवटचं पुस्तक हे असावं, तुला न आवडणारं, केवळ नियमासाठी आणि बहुतेक माझ्यासाठी ऐकलेलं? तो विचार मला सहन होत नव्हता. पण 'थांबवूया का' असं विचारलं तर तू मरणार आहेस असं मी तोंडाने म्हटल्यासारखं झालं असतं. म्हणून मी वाचत राहिले, आणि तू ऐकत राहिलीस.

मग ती दुपार. मी पान उलटलं आणि तू हात वर केलास.

"बंद कर."

"दमलीस? उद्या वाचू."

"उद्या नको. कधीच नको. माका आवडूक नाय तां."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "पण मामी, आता तर कुठे रंगायला लागलीय."

"तुका रंगता. तू वाच. माका आता तेवढो वेळ नाय गो."

तू ते इतकं सहज म्हणालीस, जणू ताटातली न आवडणारी भाजी बाजूला सारलीस. मग उशीवरूनच, डोळे मिटून, अगदी बारीक आवाजात तू गाऱ्हाणं घातलंस.

"बा देवा म्हाराजा, ह्या मानसाक खिडकेतसून बाजूक कर, तेका कायतरी काम लाव, आणि माका ह्या पुस्तकातसून मोकळी कर रे म्हाराजा."

मी 'व्हय म्हाराजा' म्हटलं नाही.

"म्हण मां."

"मी नाय म्हणूचंय," मी म्हणाले. मला राग आला होता. "मला ती आवडलीय."

तू डोळे उघडलेस आणि हसलीस. किती दिवसांनी हसलीस! "नको म्हणू. तुजां तुज्याकडे, माजां माज्याकडे." आणि मग म्हणालीस, "ती बंगल्यातली काढ. पंगतीपर्यंत वाच. खुनाच्या आदी थांब."

त्यानंतर तुझे जे थोडे दिवस राहिले, त्यात आपण तेवढंच वाचलं. पाहुणे येतात, सामान उतरवतात, पंगत बसते. तू सगळ्यांना नावानिशी ओळखत होतीस. कुणी मीठ मागितलं की तू मान हलवायचीस. तू गेलीस त्या सकाळी त्या पुस्तकात सगळे जिवंत होते आणि जेवायला बसलेले होते.

आता दहाव्याचं सांगते.

आमच्याकडे बायका सहसा तिथे जात नाहीत, पण मामाने मला, आईला आणि आकाला या म्हटलं. खाडीच्या काठी भटजींनी सगळं केलं, मामाने पिंड ठेवला, आणि आम्ही कावळ्याची वाट बघत बसलो. कावळे होते. समोरच्या माडावर बसले होते, इकडे बघत होते, आणि येत नव्हते. मला कारण माहीत होतं. त्या सकाळी पलीकडे किनाऱ्यावर रापण लागली होती, माणसं मोठं जाळं ओढून मासळी निवडत होती, आणि कावळ्यांची पोटं तिथेच भरली होती. पण असं तिथे बोलायचं कसं?

मामा हात जोडून म्हणाला, "शालू, खोल्यो मी बंद करूचंय नाय. येतले तेंका जेवूक घालतलंय." कावळा हलला नाही. आई म्हणाली, मी दादाची काळजी घेईन. कावळा नाही. ऊन चढायला लागलं. भटजी घड्याळ बघायला लागले.

मग वालावलची आका पुढे आली. "माका म्हायत हा तिचो जीव कित्यात अडाकलो हा," ती म्हणाली. "तां जाडां पुस्तक. उशाकडे आसा, मधी खूण घातलेलां. शालून जन्मात पुस्तक अर्ध्यार सोडूक नाय."

सगळ्यांना ते पटलं. कुणीतरी 'अरेरे' म्हणालं. मामाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याने पुन्हा हात जोडले. "शालू, म्हायत हा माका. नमू तां वाचून पुरां करतली. तुज्या फोटोसमोर बसान, रोज सांजेक. शेवटच्या पानापर्यंत."

आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मामी, मला तुझा चेहराच दिसला. एवढ्या कष्टाने त्या माणसाच्या तावडीतून सुटलीस, आणि आता फोटोत बसून रोज संध्याकाळी त्याच्या आठवणी ऐकायच्या! तिथून उठूनही जाता येणार नाही. एकीकडे मला हसू येत होतं आणि एकीकडे रडू. आणि भीतीही वाटत होती, कारण मी गप्प राहिले असते तर तू कायमची 'इच्छा राहून गेलेली शालू' झाली असतीस. पुढच्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात तेच सांगितलं गेलं असतं. खरं माहीत असलेली मी एकटीच.

"मामा," मी म्हणाले. "मामा, तसां करू नको. तां पुस्तक मामीक आवडूक नाय होतां."

"काय बोलतस?" आका म्हणाली.

"तिनाच बंद करूक सांगितल्यान. तिची काय एक इच्छा रवाक नाय."

"शालू पुस्तक सोडूची नाय. माका सांगतस? माजी भैण ती."

"सोडल्यान आका. तेच्यार गाऱ्हाणां पण घातल्यान."

मामाने वळून बघितलं. त्याचा आवाज बदलला. "काय म्हणान घातल्यान?"

आता सांगणं भाग होतं. भटजी समोर, पिंड समोर, आणि मी, जिला वर्गात धड दोन वाक्यं बोलता येत नाहीत. मी डोळे मिटले आणि तुझ्या चालीत सुरू केलं. नुसते शब्द सांगायचे ठरवलं होतं, पण चाल त्यांच्याबरोबर आपोआप आली. बा देवा म्हाराजा, ह्या मानसाक खिडकेतसून बाजूक कर. तेका कायतरी काम लाव. आणि माका ह्या पुस्तकातसून मोकळी कर रे म्हाराजा!

"व्हय म्हाराजा!" आका मोठ्याने म्हणाली.

तिने ते ठरवून म्हटलं नव्हतं. ती चाल कानावर पडली की आपल्याकडच्या माणसाच्या तोंडून ते येतंच. तिने लगेच तोंडावर हात ठेवला. मामाने पाठ फिरवली, त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. रडत होताच, पण आधी हसत होता. "शालूच ती!" तो म्हणाला. "तिचांच गाऱ्हाणां ह्या!" मग आई हसली, आकाही पदराआडून हसली. दहाव्याला हसलेली माणसं मी पहिल्यांदा बघितली. भटजी थोडे गोंधळले आणि म्हणाले, "जरा मागे व्हा बघू सगळे, तुमच्या गर्दीने तो बिचकतो." आम्ही मागे सरलो आणि कावळा आला.

किनाऱ्यावरची रापण तोवर आवरली होती, हे मला माहीत आहे. तरी मी हात जोडले. ज्या गोष्टीला तेव्हा 'व्हय' म्हणायला मी तयार नव्हते, तिला दुसऱ्या कुणीतरी म्हटलं. ते मला बरं वाटलं. माझं मत मला बदलावं लागलं नाही, आणि तुझंही वाया गेलं नाही.

घरी आल्यावर मामाने ते पुस्तक उशाशेजारून उचललं आणि माझ्या हातात दिलं.

"फळीवर ठेवू?" मी विचारलं. "पुण्याची माणसं फोन करतील कदाचित."

"पावसाळ्याक वेळ हा. तवसर तू वाच. तुका आवडला हा मां?"

"हो. मोठ्याने वाचू?"

"नको गो बाय!" तो घाईघाईने म्हणाला. "मनात वाच. मी पण भायर बसान आयकत होतंय तां. माका पण आवडूक नाय."

तर मामी, तुझी एक इच्छाही मागे राहिलेली नाही, आणि हे आता सगळ्यांना माहीत आहे. मी निर्धास्त झालेय. आपलं भांडण मात्र तसंच राहिलंय. ते मी मिटवणार नाही.

मी ती कादंबरी आमच्या पडवीत बसून पुढे वाचली. आतल्या आत, ओठ न हलवता. पहिली काही पानं तुझा आवाज मधेमधे येत होता. ह्येका काम नाय काय, आवशीक फोन तरी कर मेल्या. मी हसायचे आणि पुढे जायचे. मग कधीतरी तो आवाज यायचा थांबला, आणि मी इतकी गुंगले होते की थांबलाय हे मला कळलंही नाही. आईने चहा आणून ठेवला आणि निवल्यावर परत नेला, तेव्हा भानावर आले. वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मी पुन्हा पान शोधलं आणि वाचत राहिले.

काल ती संपली. शेवटी काय होतं, ते मी तुला सांगणार नाही. तू सोडली आहेस ती.

तुझी,
नमू